बोरदऱ्याच्या फेऱ्या

साक्रीला बाजाराच्या दिवशी कोर्टाच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली, एक लोखंडी टेबल मांडलेलं असायचं. टेबलामागे प्रमिला महाजन बसायची. ती धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने यायची. बस लागते म्हणून तोंडात आवळासुपारी धरायची आणि उतरल्यावर घटकाभर कुणाशी बोलायची नाही. मग पदर खोचून टेबलावरची धूळ पुसायची आणि पहिल्या माणसाला म्हणायची, "बसा, आणि सुरुवातीपासून सांगा."

ती मूळची धरणगावची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत. त्यांच्यामागे आईने एकटीने तिला जळगावला ठेवून कायदा शिकवला. सनद मिळाल्यावर ती तिथल्याच एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली बसू लागली. पण पक्षकार आत यायचे, तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "साहेब कधी येतील?" दोन वर्षं हेच ऐकून तिचा जीव विटला. तेवढ्यात धुळ्याच्या लीलाधरनानांचा निरोप आला. नाना जुने वकील. उतारवयात त्यांनी खेड्यापाड्यांतल्या गरिबांसाठी फुकट कायदेमदतीचं केंद्र काढलं होतं आणि साक्री तालुक्यात फिरायला त्यांना कुणी मिळत नव्हतं. प्रमिला गेली. कुणाच्या गुरांना कोंडवाड्यात घातलेलं, कुणा विधवेचं नाव दिरांनी उताऱ्यावरून उडवलेलं, कुणाला जंगलखात्याच्या माणसाने लाकडाच्या मोळीसाठी डांबून ठेवलेलं, अशी कामं. काही जिंकली, बरीच रेंगाळली. तालुक्यात लोक तिला अक्का म्हणू लागले तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात एका बाजाराला तानुबाई आली. बरोबर नवरा झुलाल होता, पण तो चार हात लांब, पाठ करून उभा राहिला. तानुबाई बसली. प्रमिलाने पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "मनी लता गई, अक्का. हिरमा पडनी. ती काही आते येत नही. पन तिना पोऱ्या तरी माले मिळाले पाह्यजे."

लता तिची थोरली मुलगी. बोरदऱ्याला धनसिंगच्या घरात दिलेली. महिन्यामागे ती शेतातल्या विहिरीत सापडली. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि कागद बंद झाला. मागे उरला दीड वर्षाचा पंडित. तानुबाईला कुणाला शिक्षा नको होती. नातू हवा होता.

"विहिरीत कशी पडली?" प्रमिलाने विचारलं.

तानुबाईने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि ती नुसती मान हलवत राहिली.

पुढच्या आठवड्यात प्रमिला बोरदऱ्याला गेली. साक्रीहून डोंगराकडे जाणाऱ्या एस.टी.ने फाट्यावर उतरायचं आणि नाल्याच्या काठाने आत चालायचं. गाव डोंगराच्या पोटात बसलेलं. ऊन लवकर निघून जायचं आणि सावली आधी त्या गावावर पडायची. धनसिंग वाटच बघत असल्यासारखा ओट्यावर उभा होता. तिशीचा, दहावीपर्यंत शिकलेला, धुतलेला पायजमा, बोलणं अदबीचं. "या ताई, ऊन लागलं असेल," म्हणत त्याने खाट टाकली. आतून त्याची आई भागाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने वर बघितलं नाही. तांब्या ठेवताना थोडं पाणी जमिनीवर सांडलं, तर ते तिने लगेच पायाने पुसून टाकलं.

"विहीर बघायची असेल ना?" धनसिंगने स्वतःच विचारलं.

तो तिला शेतात घेऊन गेला. भुईमूग उपटून झाला होता, रान मोकळं होतं. विहीर चांगली दगडी बांधलेली होती, काठाला मोटर बसवलेली, शेजारी हौद. प्रमिला कठड्याला टेकली. खाली पाणी काळं दिसत होतं.

"इथूनच पाय घसरला," धनसिंग म्हणाला.

"कठडा माझ्या कंबरेला लागतोय, धनसिंगभाऊ."

"तुम्ही उंच आहात, ताई. लताला तर छातीपर्यंत यायचा."

हे त्याने हसून सांगितलं. तिला काय कळलं ते त्याला कळलं होतं, आणि ते कळलं म्हणून त्याचं काही बिघडणार नव्हतं, एवढं सगळं त्या हसण्यात होतं. परतताना नाल्याच्या वाटेवर तिने दोनदा मागे वळून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

धुळ्याला येऊन तिने लीलाधरनानांना सगळं सांगितलं. नानांनी चष्मा काढून पुसला. "शव जळालं. पंचनामा झाला. साक्षीदार नाही. कठड्याच्या उंचीवर खटला उभा राहत नाही, प्रमिला," ते म्हणाले. "पोराचा अर्ज कर. पण बाप जिवंत आहे, त्यामुळे तोही अवघडच."

अर्ज झाला. तारखा पडू लागल्या. तानुबाई प्रत्येक बाजाराला टेबलाशी येऊन बसायची, विचारायचं काही नसलं तरी. दिवाळी झाली आणि ती येईनाशी झाली. एक बाजार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या बाजाराला प्रमिला टेबल आवरून तिच्या गावी गेली. झुलाल दारातच होता.

"आता कोर्ट नको, बाई," तो म्हणाला. "मिटलं आमचं."

"कसं मिटलं?"

झुलाल जमिनीकडे बघत बोलला. धनसिंग स्वतः आला होता, चार माणसं घेऊन. म्हणाला, पोराला सावत्र आई आणण्यापेक्षा मावशी काय वाईट? धाकटी द्या. नातू तुमचा तुमच्याच लेकीच्या मांडीवर वाढेल. जातीतली माणसं म्हणाली, सोन्यासारखा तोडगा आहे.

घराच्या आत ती धाकटी, कुंदा, चुलीशी बसली होती. थोरलीपेक्षा उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. तानुबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. ती प्रमिलाकडे बघायला तयार नव्हती.

"झुलालभाऊ, त्याच घरात?" प्रमिलाचा आवाज चढला. "तीच विहीर, तोच माणूस, आणि तुम्ही दुसरी पोर देताय?"

"पाय घसरला तिचा," झुलाल ओरडला. ओरडताना त्याचे डोळे भरून आले होते. "पाय घसरला म्हणून पोलिसांनी लिहिलंय! तुम्ही कोण दुसरं सांगणाऱ्या?"

त्या माणसाला दुसरं काही मानणं झेपणारच नव्हतं, हे प्रमिलाला त्या दिवशी कळलं. घसरलेला पाय खरा नसता तर त्याने आपली लेक कुणाच्या हातात दिली होती, हे त्याला बघावं लागलं असतं.

कुंदाला अठरावं पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. प्रमिलाने शाळेचा दाखला काढला, कोर्टात अर्ज केला आणि वय भरेपर्यंत लग्नाला मनाई आणली. गावात बोभाटा झाला. वकिलीणबाईने ठरलेलं लग्न मोडलं, शुभकार्यात विघ्न घातलं. झुलालने तिच्यासाठी घराचं दार बंद केलं. धनसिंगने मात्र कोर्टाच्या आवारात तिला हात जोडले. "कायद्याचा मान राखायलाच हवा, ताई. आम्ही थांबू."

त्याच महिन्यात ती आईला भेटायला धरणगावला गेली. आई खुशीत होती.

"तुझ्याकडचा एक माणूस येऊन गेला. धनसिंग नाव. किती मर्यादेचा! इकडे जिनिंगमध्ये कापूस घेऊन आलो होतो म्हणाला, ताईंच्या आईला भेटावं म्हटलं. भुईमुगाच्या शेंगा देऊन गेला पिशवीभर. तू लहानपणी कशी होतीस ते विचारत होता."

प्रमिलाने विचारलं, "आणखी काय केलं त्याने?"

"अगं, मागच्या दाराची कडी ढिली झालेली ना, कधीची म्हणतेय कुणाला तरी. त्याने पाहिली आणि बसवूनच दिली. आता बघ कशी चपखल लागते."

साक्री तालुक्यात कापूस पिकवणारे फार नव्हते, आणि धनसिंगकडे कापूस मुळीच नव्हता. प्रमिलाने मागचं दार पाहिलं. नवे स्क्रू, नीट आवळलेले. शेंगा तिने गुरांपुढे टाकल्या. आठवडाभरात आईला ती धुळ्याला आपल्या खोलीवर घेऊन आली. का, ते सांगितलं नाही. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की लेकीला एकटीला करमत नव्हतं.

मनाईची मुदत संपत आली तशी प्रमिला अस्वस्थ झाली. एका बाजाराला कुंदा स्वतःच टेबलाशी आली. बरोबर कुणी नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरत ती बसली.

"अक्का, तू आते काही करू नको. मी जासू."

"कुंदा, तुला माहीत आहे ना काय झालं असेल ते?"

"माले मालूम शे." ती शांतपणे म्हणाली. "लता मरानी आधीनी दिवाळीले माहेरले उनथी. तिनी सांगं व्हतं माले. पन त्या पोऱ्याले तठे कोन शे, अक्का? आज मी नही गऊ, तर तो दुसरी लई ई. मंग त्या पोऱ्यानं काय?"

"लताने काय सांगितलं होतं?"

कुंदाने ओठ मिटून घेतले. प्रमिलाने पुन्हा विचारलं नाही. आपण हे विचारायला हवं होतं, तिथेच लिहून घ्यायला हवं होतं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं. पण समोर बसलेली पोर ओझं उचलायला तयार झालेल्या माणसासारखी दिसत होती, आणि तिला आणखी बोलायला लावणं प्रमिलाच्या जिवावर आलं.

अठरा वर्षांची सज्ञान मुलगी स्वतःच्या तोंडाने हो म्हणते, तिथे कोर्टाचं काही चालत नाही. लग्न झालं. प्रमिला लग्नाला गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकलण्याची हिंमतही कुणी केली नाही. जेवणं उरकल्यावर सगळे मांडवात बसलेले असताना ती धनसिंगसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धनसिंगभाऊ, कुंदा आता माझीही बहीण. दर बाजाराला साक्रीला येते, तशी तुमच्याकडेही येत जाईन. कुंदाच्या हातचं पाणी पिऊन जाईन."

धनसिंग हसला. "घर तुमचंच आहे, ताई."

तेव्हापासून फेऱ्या सुरू झाल्या. दुपारी टेबल आवरलं की प्रमिला बोरदऱ्याची एस.टी. धरायची. फाट्यावर उतरायचं, नाला ओलांडायचा, धनसिंगच्या ओट्यावर बसायचं. कुंदा तांब्या घेऊन यायची. पाणी पिऊन होईपर्यंत प्रमिला तिच्याकडे बघत राहायची. चेहरा, मनगटं, मान, चालणं. चार इकडचे तिकडचे शब्द बोलायची आणि उठायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी असायचं तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत खोचून जायची. तापात गेली, आईच्या आजारपणात गेली. लीलाधरनाना म्हणायचे, "यात कायदा कुठे आहे?" ती म्हणायची, "कायदा नाही नाना, पण कुणीतरी मोजतंय हे त्याला कळलं पाहिजे."

दर वेळी नाल्याच्या वळणावर तिचे पाय जड व्हायचे. वळणानंतर घर दिसायचं. ओट्यावर माणसं जमलेली नसली की ती श्वास सोडायची. गावातली कुत्री तिच्यावर भुंकायची थांबली. बाया पाणवठ्यावरून हाक मारायच्या, पण जवळ कुणी यायचं नाही. धनसिंग असला तर खाट टाकून द्यायचा, शेतीचं सांगायचा, तिच्या आईच्या तब्येतीचं विचारायचा. "धुळ्यात आईंना पायऱ्या चढायला जड जातं ना?" एकदा तो म्हणाला. पायऱ्यांचं तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

कुंदा बारीक होत गेली. पंडित तिच्या पदराला धरून असायचा आणि तिला आई म्हणायचा. तिच्या अंगावर खूण कधी दिसली नाही. पण दुसऱ्या वर्षी ती मान खाली घालून बोलू लागली, तिसऱ्या वर्षी बोलेनाशीच झाली. "काही त्रास आहे का?" या प्रश्नाला ती नुसती आतल्या दाराकडे बघायची. त्या दारात भागाबाई बसलेली असायची, मांडीवर सूप, नजर सुपात. म्हातारी पहारा देते आहे, असं प्रमिलाला वाटायचं. त्या घरात धनसिंगच्या खालोखाल तिला कुणाची भीती वाटत असेल तर त्या म्हातारीची.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका बाजाराला ती ओट्यावर येऊन बसली आणि पाणी घेऊन भागाबाई आली.

"कुंदा कुठाय?"

"घरमा शे. भाकरी टाकी राह्यनी." भागाबाईने तांब्या खाली ठेवला, पण ती गेली नाही. तशीच वाकून, तोंड प्रमिलाच्या कानाजवळ आणून हलक्या आवाजात म्हणाली, "आज लई जाय तिले. पुढला बाजारनी वाट नको देखू."

"का? काय झालं?"

"रातनी लाईट शे आते. मोटर चालू कराले संगे चाल, आसं तो सांगी राह्यना तिले." म्हातारीचा श्वास लागला होता. "लताले बी आसंच लई गया व्हता."

चार वर्षं जो शब्द कुणाच्या तोंडून निघाला नव्हता तो असा निघाला, भर दुपारी, कोंबड्या अंगणात दाणे टिपत असताना. प्रमिलाने म्हातारीकडे पाहिलं. भागाबाईने प्रथमच तिच्या नजरेला नजर दिली. ती त्या दारात इतकी वर्षं कुणासाठी बसली होती, हे प्रमिलाला तेव्हा समजलं.

"तुम्हीही चला, आजी."

"मी कथा जाऊ?" भागाबाई म्हणाली. "मना पोऱ्या शे तो."

धनसिंग साक्रीच्या बाजारात गेला होता. कुंदाने अंगावरच्या लुगड्यानिशी पंडितला उचललं. हाताला पीठ तसंच होतं. तिघं नाल्याच्या वाटेने झपाझप फाट्यावर आली. धुळ्याकडची गाडी यायची होती. आधी साक्रीहून येणारी आली. बाजारकरी उतरू लागले, टोपल्या, पिशव्या, रॉकेलचे डबे. सगळ्यांत शेवटी धनसिंग उतरला.

त्याने तिघांना पाहिलं. घाई न करता जवळ आला.

"कुठे निघालात, ताई?"

"कुंदाला ताप आहे. सरकारी दवाखान्यात दाखवून आणते."

त्याने हात पुढे करून कुंदाच्या कपाळाला लावला. कुंदा डोळे मिटून उभी राहिली. हात त्याने बराच वेळ तसाच ठेवला.

"ताप तर नाहीये," तो म्हणाला.

गावची माणसं पिशव्या सावरत रेंगाळली होती. प्रमिलाने आवाज चढवला. तिच्या स्वतःच्या कानांना तो परका वाटला. "धनसिंगभाऊ, या सगळ्यांसमोर सांगा. बायको आजारी आहे म्हणते. दवाखान्यात नेऊ की नको?"

धनसिंगने माणसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "न्या की. मी कधी अडवलंय?" त्याने पिशवीतून गोडीशेवची पुडी काढून पंडितच्या हातात दिली. मग गावाकडे बघत, जणू स्वतःशीच, म्हणाला, "आईने सांगितलं वाटतं."

धुळ्याची गाडी आली. मागच्या काचेतून प्रमिलाने पाहिलं, तर तो नाल्याच्या वाटेने घराकडे चालला होता. सावकाश, पिशवी खांद्यावर टाकून.

पुढे खटला उभा राहिला. कुंदाने जबाब दिला. त्याच्या मारण्याचा, खूण न उठेल अशा मारण्याचा. लताने सांगितलेलंही सांगितलं. लताचं प्रकरण पुन्हा उघडलं, पण सगळा भार भागाबाईवर होता. नव्वद साली धुळ्याच्या कोर्टात तिला पिंजऱ्यात उभं केलं. धनसिंग समोर बसला होता. सरकारी वकिलांनी विचारलं. भागाबाई प्रमिलाकडे सरळ बघत म्हणाली, "माले काही मालूम नही."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. धनसिंग निर्दोष सुटला.

प्रमिलाला राग यायला हवा होता, तो आला नाही. कोर्ट सुटल्यावर ही म्हातारी कुणाच्या शेजारी एस.टी.त बसून कुठल्या घरी जाणार आहे, ते तिला दिसत होतं. कुंदाने घटस्फोट मागितला होता, पंडितचा ताबा तानुबाईने. त्या तारखांना धनसिंग हजरच राहिला नाही, घटस्फोट झाला आणि पोर आजीला मिळालं. नाना म्हणाले, हा तरी विजय. पण पोर मागायलाही न आलेल्या माणसाची प्रमिलाला जास्त धास्ती वाटली. कुंदाला धुळ्यात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, राहायला मागची खोली मिळाली. तानुबाई नातवाला घेऊन तिथेच येऊन राहिली. झुलाल गावी एकटा उरला. तो सणावारी यायचा, दाराबाहेर बसायचा आणि न जेवता परत जायचा.

प्रमिलाने बोरदऱ्याच्या फेऱ्या थांबवल्या नाहीत.

"आता कुणासाठी येता, ताई?" पहिल्याच वेळी धनसिंगने विचारलं.

"भागाआजीसाठी," ती म्हणाली.

म्हातारी तांब्या आणून ठेवायची. दोघी काही बोलत नसत. कधी भागाबाई "पोऱ्या कसा शे?" एवढंच विचारायची, आणि प्रमिला सांगायची की तो शाळेत जातो, पाढे म्हणतो, दुधाचे दात पडलेत. म्हातारी ऐकून घ्यायची आणि आत जायची.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात लीलाधरनाना गेले. केंद्राचं सगळं तिच्या अंगावर पडलं आणि दोन बाजार चुकले. तिसऱ्या बाजाराला ती नाल्याच्या वळणावर आली आणि थबकली. ओट्यावर माणसं होती. जवळ गेल्यावर दिसलं, सगळ्यांची डोकी तुळतुळीत होती. धनसिंगचंही. तो पुढे आला, हात जोडले.

"आई गेली, ताई. ताप आला होता."

"कधी?"

"आज दहावा."

प्रमिलाने कोणत्या डॉक्टरला दाखवलं विचारलं. शेजाऱ्यांना विचारलं. पाणवठ्यावर विचारलं. सगळ्यांनी ताप सांगितला, एकाच शब्दात, एकसारखा. तिने साक्रीच्या ठाण्यात अर्ज दिला, धुळ्याला वर दिला. वयोमानाने नैसर्गिक मृत्यू, असं उत्तर आलं. म्हातारी खरोखर तापाने गेली असेल का? असेलही. हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि कळणार नाही याची सोय कुणीतरी नीट केली होती किंवा आपोआप झाली होती, यातलं काय, तेही कळणार नव्हतं.

कुंदाला तिने सांगितलं तेव्हा कुंदा वसतिगृहाच्या भल्या मोठ्या परातीत कणीक मळत होती. तिने मळणं थांबवलं नाही. गोळा उलटवत म्हणाली, "आते त्या घरमा कोन शे?"

"कुणी नाही. तो एकटाच."

"तो एकला ऱ्हावाव नही, अक्का."

ते खरं ठरलं. वर्षभरात धनसिंगचं लग्न ठरल्याची बातमी आली. पिंपळनेरच्या अंगाला उखर्डू नावाचा एक शेतकरी होता, त्याची तिसरी मुलगी. प्रमिला गेली. या वेळी तिने कोर्टाचा कागद घेतला नाही, कुंदाला घेतलं. उखर्डूने दोघींना ओसरीवर बसवलं, चहा दिला. प्रमिला बोलू लागली तर त्याने हात वर केला.

"बाई, कोर्टाने सोडलंय त्याला. मी चौकशी केलीय. माणूस सोज्वळ आहे."

तेव्हा कुंदा बोलली. तिने काही वर्णन केलं नाही. उखर्डूच्या बायकोकडे वळून तिने एवढंच सांगितलं की लग्नानंतर त्या माणसाने एकदाही आवाज चढवला नाही, आणि चार वर्षांत एकही रात्र आपण दोन्ही डोळे मिटून झोपलो नाही. उखर्डूची बायको उठली, आत गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. आत मुलगी होती.

लग्न मोडलं. कुणी मोडलं हे साऱ्या तालुक्याला कळलं.

त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला प्रमिलाने मान वर केली तर कोर्टासमोरच्या पानटपरीशी धनसिंग उभा होता. धुतलेला पायजमा, कानाजवळ केस पिकायला लागलेले. नजरानजर झाल्यावर त्याने हात जोडले. "रामराम, ताई." आणि तो तिथेच उभा राहिला, ती टेबल आवरेपर्यंत. पुढच्या बाजाराला तसाच. त्याच्या पुढच्यालाही. जवळ यायचा नाही, काही बोलायचा नाही. तिच्यासमोर बसलेल्या बायांकडे बघायचा, त्या कुठल्या वाटेने जातात ते बघायचा. हळूहळू बाया यायच्या कमी झाल्या. प्रमिला ठाण्यात गेली तेव्हा जमादार हसला. "रामराम घालणं कुठल्या कलमात बसतं, बाई?"

तिने खुर्ची फिरवून घेतली, टपरी समोर राहील अशी. टेबल हलवलं नाही. ज्या बाया टेबलाशी येईनात त्यांना कुंदा, सुट्टी मिळेल तेव्हा धुळ्याहून येऊन, भाजीच्या ओळींमध्ये भेटू लागली. हे असं शहाण्णवच्या हिवाळ्यापर्यंत चाललं.

मग एका बाजाराला टपरीशी तो नव्हता. प्रमिला समोरच्या म्हाताऱ्याचं ऐकत होती, पण तिला शब्द लागत नव्हते. तासाभराने ती उठली, एस.टी.डी. बूथवर गेली, वसतिगृहाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. शेवटी कुणीतरी उचलला, कुंदाला हाक मारली. कुंदा बरी होती. पंडित शाळेतून आला होता. तानुबाई निजली होती. प्रमिलाची आई सकाळी देवळात जाऊन आली होती.

"तो नाही आला आज," प्रमिला म्हणाली.

कुंदा म्हणाली, "आज शेवटल्या गाडीनी येऊ नको, अक्का. तठेच ऱ्हाय."

प्रमिला साक्रीत एका ओळखीच्या शिक्षिकेकडे राहिली. सकाळी भरल्या गाडीने, मधल्या सीटवर बसून धुळ्याला आली. तो आठवडा तिने जिन्यावरच्या प्रत्येक पावलाकडे कान लावून काढला.

पुढच्या बाजाराला तो टपरीशी उभा होता. जरा उतरलेला दिसत होता. "रामराम, ताई," तो म्हणाला. "मागच्या बाजाराला ताप होता."

त्याला समोर बघून आपल्याला हायसं वाटलं, हे प्रमिलाच्या ध्यानात आलं. तिने रामराम घेतला नाही. टेबलाशी एक बाई केव्हाची उभी होती, टपरीकडे पाठ करून, पदर तोंडावर ओढून. प्रमिलाने तिला खुर्ची दिली आणि तिची पाठ टपरीवरून दिसणार नाही अशी स्वतः उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली, "आणि हळू सांगा."